घंटीला बांधलेला दोरा

बाबा,

मायन्यात ‘प्रिय’ नाही, हे तुमच्या लगेच लक्षात येईल. लोकांच्या वह्यांना पुठ्ठा चढवता चढवता आतलं शुद्धलेखन तपासणारे तुम्ही! तर ते राहून गेलेलं नाही. मुद्दाम गाळलंय.

मी रागावले आहे. तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली आणि या दोन वर्षांत मी तुमच्यावर एकदाही रागावले नव्हते. जो काही राग होता तो माझा माझ्यावरच होता. आज सकाळी अकरा वाजल्यापासून मात्र तो सगळा तुमच्यावर वळलाय. ज्याच्याशी भांडायचं तो माणूस भिंतीवरच्या फोटोत गप्प बसलाय! गप्प बसण्यात तुमचा हात कोण धरणार म्हणा.

झालं असं, की आपला फोन बदलतोय. नवं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सुरू झालंय. एकाच फॉर्मवर तीन गोष्टी मिळतात. नवा नंबर, बटणांचा फोन आणि एसटीडी. ट्रंक कॉल बुक करून दिवसभर ताटकळायला नको. तुम्ही असता तर तो फॉर्म आठ दिवस वाचला असता, कोपरे मुडपून ठेवला असता, नि शेवटी ‘जुनं काय वाईट आहे?’ म्हणाला असता. मी उभ्या उभ्या सही केली. जुन्या फोनचे दोन्ही डबे टेलिफोन खात्याला परत द्यायचे, एक घरातला आणि एक अंगणापलीकडचा दुकानातला. ते तपासायला आज लाइनमन आला होता.

मी म्हटलं, ‘‘घरातला बघा. दुकानातला बंद आहे, चार वर्षं झाली.’’

‘‘बंद असो का चालू, पाहा तर लागतेच, ताई,’’ म्हणत तो पुठ्ठ्यांच्या थप्पीमागे गेला. वरचं फडकं काढलं, रिसीव्हर कानाला लावला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, ‘‘कोणं सांगतलं बंद आहे म्हणून? टोन तं एकदम मस्त येऊन राहिला!’’

मला वाटलं, चेष्टा करतोय. त्यानं रिसीव्हर माझ्या हातात दिला. दोन वर्षांत मी त्याला हात लावला नव्हता बाबा, का ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. कानाला लावला तर आत टोन घुमत होता.

‘‘मंग घंटी काहून वाजत नाही?’’ असं पुटपुटत त्यानं डबा उलटा केला आणि चार स्क्रू काढले. आत पितळेच्या दोन वाट्या असतात, त्यांच्यामध्ये ठोका देणारी एक बारीक दांडी. त्या दांडीला मरून रंगाच्या बाइंडिंगच्या कापडाची चिंधी गुंडाळलेली होती, आणि वरून मेण लावलेला दोरा.

‘‘हे कोणाचं काम हो? अशी बांधली तं घंटी नुसती थुप थुप करंल. बाजूच्यालेच आयकू येईल.’’

आई चहा घेऊन आली होती. ती वाकून बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘ही तं त्यायची गाठ आहे वं.’’

दोन वेढे, आणि शेपूट आत खोचलेलं! शाळेच्या हजेरीपटापासून प्रेसच्या मोठ्या लेजरपर्यंत प्रत्येक वहीच्या पोटात तुम्ही हीच गाठ मारायचात. मला शिकवताना बोटांवर पट्टी मारून शिकवलीत. मी ती अंधारातही ओळखीन.

तर मग आता उत्तर द्या. फोन बंद नव्हताच ना? तो तुम्ही बंद आहे म्हणून सांगितलात. चार वर्षांपूर्वी. शालूताईचं लग्न होऊन सहा महिने झाले होते तेव्हा.

ताईच्या लग्नाबद्दल मला पहिल्यापासूनच बोलायचं होतं. तेव्हा बोलले नाही, घाबरत होते. आता काय करणार आहात?

छप्पन साली, धम्मदीक्षेच्या दिवशी पांढरं धोतर नेसून तुम्ही आजोबांबरोबर गेला होता. ती गोष्ट आम्ही दोघी बहिणी पाळण्यापासून ऐकत आलो. ‘‘जात तेथंच ठेवून आलो, मांगं वळून नाही पाह्यलं,’’ असं सांगताना तुमचा आवाज कसा भरून यायचा! आणि ताईनं नागपूरबाहेर, वाडीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात नोकरी धरली, तिथल्या गॅरेजमधल्या हरीशभाऊंशी लग्न करायचं म्हणाली, तेव्हा तुम्ही पहिला प्रश्न काय विचारलात? पगार विचारला नाहीत, दारू पितो का ते विचारलं नाहीत. ‘‘कोणत्या जातीचा हाय तो?’’ वळून पाहिलंत ना शेवटी, बाबा!

ताई तेव्हा म्हणाली होती, ‘‘मी नाही विचारलं. तुम्हीच शिकवलं, विचारत जाऊ नका म्हणून.’’ उत्तर नसलं की तुम्ही आवाज चढवायचात. ती रजिस्टर लग्न करून वाडीला राहायला गेली, आणि तुम्ही इतवारीच्या बाजारातून फोनचं कुलूप आणलंत.

केवढंसं ते कुलूप! डायलच्या भोकात अडकवायचं, की एकही नंबर फिरवता येत नाही. किल्ली तुमच्या करदोड्याला. सहा वर्षं नंबर लावून मिळालेला फोन, ज्या दिवशी बसला त्या दिवशी गल्लीत बर्फी वाटली होती आपण. त्यालाच बेडी! ‘‘या घरातून तिले फोन जाणार नाही. आन तिचा आला तं कोणी उचलाचा नाही. सांगून ठेवतो!’’ ताईनं पहिल्या महिन्यात तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तुम्ही ‘‘राँग नंबर’’ म्हणून ठेवून दिलात. बापाच्या तोंडून राँग नंबर! त्यानंतर तिनं आपला नंबर पुन्हा फिरवला नाही.

पण मी तुमचीच मुलगी. कॉलेजातल्या मैत्रिणीनं युक्ती शिकवली. कुलूप डायलला असतं, रिसीव्हर ठेवायच्या खिट्टीला नसतं. खिट्टी टिचकीनं दाबत गेलं की नंबर लागतो. दोनाला दोन टिचक्या, पाचाला पाच, शून्याला दहा. ताईच्या ऑफिसच्या नंबरात दोन शून्यं. एक टिचकी चुकली की पुन्हा पहिल्यापासून! बोटाला घट्टा पडला होता माझ्या.

दुपारी तीनला ताईचा मॅनेजर जेवायला जायचा. तुमच्या दुकानातली माणसं जेवायला घरी गेलेली असायची, तुम्ही दुकानात एकटे, आई पडलेली. मी बैठकीच्या खोलीचं दार ओढून घ्यायची आणि टिचक्या मारायची. मला वाटायचं, काय शहाणी मी! बाबांना पत्ता नाही!

लाइनमननं आज तेही सांगितलं. मी विचारलं नव्हतं हो, तोच बोलला. ‘‘इकडे खिट्टी मारली का तिकडे दुसऱ्या डब्याची घंटी किणकिणते, ताई. दोन्ही एकाच लाइनवर असतात ना.’’

म्हणजे पहिल्या दिवसापासून तुम्हाला कळत होतं! तीन वाजले की तुमच्या कानाशी टिंग टिंग टिंग. शून्याला दहा वेळा. अंगण ओलांडून येऊन माझ्या थोबाडीत मारायची होती ना? मी रडले असते, भांडले असते, पण निदान घरात काही तरी झालं असतं. तुम्ही काय केलंत? चिंधी घेतलीत, दोरा घेतलात, घंटीचं तोंड बांधलंत आणि जगाला सांगितलंत, ‘‘दुकानातला डबा खराब झाला.’’

आणि ऑर्डरचे सगळे फोन घरात यायला लागले! दिवसातून दहादा मी उन्हातून पळत निरोप द्यायला येत होते. ‘‘बाबा, तक्रार करा ना,’’ म्हणाले की ‘‘करतो, करतो.’’ नागपूरच्या मे महिन्यात, बाबा! अनवाणी!

आता सगळ्यात मोठी गोष्ट. नुसतं घंटी ऐकून तुम्ही थांबला नाहीत.

आमच्या बोलण्यात मध्येच आवाज बसायचा. एकदम खोल जायचा. ताई तिकडून ओरडायची, ‘‘मोठ्यानं बोल वं, आवाज बसला!’’ आणि लाइनवर कोणी तरी असल्यासारखं वाटायचं. बोलणं नाही, फक्त श्वास. त्या वर्षी आपल्या सक्करदऱ्यात सगळ्यांच्याच फोनची तीच तऱ्हा होती, कोणाच्या घरचं भांडण कोणाच्या कानात. आम्ही म्हटलं, क्रॉस कनेक्शन. ताईनं तर त्याचं नावच पाडलं, ‘क्रॉस कनेक्शनवाला भाऊ’. आवाज बसला की म्हणायची, ‘‘आला पाह्य तुहा भाऊ!’’ मी त्याला मुद्दाम ऐकवायची, ‘‘भाऊ, आज आमच्याकडे वांग्याची भाजी आहे. तुमच्याकडे काय?’’ आम्ही दोघी हसून हसून बेजार.

मी लाइनमनला विचारलं, आवाज बसतो तो कशानं? हातातली पकड पुसत तो म्हणाला, ‘‘दोन्ही डबे उचलले का बसते.’’

इतकं सोपं होतं ते!

मी तिथेच पुठ्ठ्यांवर बसले. दोन वर्षं, बाबा. दोन वर्षं रोज तीन ते साडेतीन तुम्ही रिसीव्हर कानाला लावून बसत होता! आई म्हणाली, ‘‘म्हणूनच तीनचा चहा चारले आणत जा म्हणत.’’ तिला वाटायचं, तुम्हाला डुलकी लागते.

ताईला दिवस गेले, ते तिनं मला फोनवर सांगितलं. म्हणजे तुम्हालाही. मुलगी झाली, ते ताईच्या ऑफिसातल्या फोनवर हरीशभाऊंनी कळवलं आणि बाराव्या दिवशी ताईनं स्वतः ऑफिसात येऊन फोनवर मला सांगितलं, ‘‘नाक बाबासारखं आहे वं, नको म्हटलं तरी.’’ तेव्हा आवाज बसलेला होता, मला लख्ख आठवतंय, कारण तिला ते वाक्य दोनदा म्हणावं लागलं. तुम्ही ते दोनदा ऐकलंत! त्या संध्याकाळी जेवताना तुम्ही काय बोललात, सांगू? ‘‘वरणात मीठ कमी हाय.’’

आणि ती रजिस्टरं! ताई एकदा म्हणाली, ऑफिसातल्या बिल्ट्यांच्या, म्हणजे मालाच्या पावत्यांच्या, रजिस्टरची शिलाई उसवली, पानं उडतात, मॅनेजर तिलाच बोलतो. पंधरा दिवसांत तिच्या टेबलावर दोन नवीकोरी बांधलेली रजिस्टरं आली, कोपऱ्यांना चामडं, पाठीला मरून कापड. ‘‘कोणं बांधली काय माहीत वं, पण बाबासारखी बांधली,’’ ताई म्हणाली. आम्ही ठरवून टाकलं, मॅनेजरनं नकळत तुमच्याच दुकानात दिली असणार. केवढं हसू आलं होतं! म्हटलं, बापाला पत्ताच नाही कोणासाठी राबतोय.

पत्ता आम्हाला नव्हता.

सांगा मला, हा कुठला न्याय? वाडीपर्यंत कोणाच्या तरी सायकलवर रजिस्टरं पाठवता येतात, आणि हातात धरलेल्या फोनमध्ये एक ‘हॅलो’ म्हणता येत नाही? ताई लाइनवर होती! तुम्ही लाइनवर होता! मध्ये ना दार, ना वाडीचं अंतर, ना कुलूप. फक्त तोंड उघडायचं होतं. ‘शालू’ इतकंच म्हणायचं होतं. काय गेलं असतं हो तुमचं? कोणी पाहत नव्हतं. समाज पाहत नव्हता, काका पाहत नव्हते. रिकाम्या दुकानात, चार भिंतींत, तुम्ही कोणासमोर ताठ बसला होता?

आता त्या दिवसाचं लिहिते.

आई नंदनवनला मावशीकडे गेली होती. तीन वाजता मी टिचक्या मारल्या. त्या दिवशी मुलीला सांभाळणारी हरीशभाऊंची बहीण गावाला गेली होती, म्हणून ताईनं मुलीला ऑफिसातच आणलं होतं. आवाज बसला. ताई म्हणाली, ‘‘थांब, तुले हिचं बोलणं आयकवतो.’’ मुलगी काही बोलली नाही, रिसीव्हर चोखत बसली असेल, नुसती मच मच. मग खुदकन हसली. आणि तेव्हा लाइनवरचा तो श्वास एकदम जोरात यायला लागला. घरघर, थांबून थांबून. नेहमीसारखा नव्हता.

ताई घाबरली. ‘‘कोण हाय वं हे? लेकराच्या आवाजाले असं काहून करून राहिला?’’

आणि मी काय बोलले ते तुम्ही ऐकलंत. तुम्ही ऐकलेली ती माझी शेवटची वाक्यं. तरी लिहिते, कारण आज काहीच गाळायचं नाही असं ठरवलंय. मी ओरडले, ‘‘ए बदमाश! दुसऱ्याच्या घरच्या बायकांचं आयकाले लाज नाही वाटत काय तुले? मर तिकडे! ठेव फोन!’’

धप्प असा आवाज आला. श्वास थांबला. ‘‘गेला वाटते,’’ ताई म्हणाली. आम्ही हसलो. आणि आणखी दहा मिनिटं बोललो, बाबा. मुलीच्या दातांबद्दल. मध्ये ताई म्हणाली, ‘‘आवाज अजून बसलेलाच हाय.’’ मी म्हटलं, ‘‘जाऊ दे वं.’’

चारला मी चहा घेऊन दुकानात आले. तुम्ही टेबलाशी पडला होता आणि त्या ‘बंद’ डब्याचा रिसीव्हर वायरला लोंबकळत होता.

लोकांनी काय म्हटलं, माहीत आहे? ‘‘बिचाऱ्यानं जीव घाबरला म्हणून बंद फोनच उचलला.’’ सगळे हळहळले. मीही तेच मानलं. दोन वर्षं मला एकच दिसत राहिलं, की तुम्ही मदतीसाठी बंद फोन हातात घेतलाय आणि वीस पावलांवर मी घरातल्या फोनवर खिदळतेय. कोणाला सांगितलं नाही. ताईलासुद्धा नाही. तुमचं दुकान मी चालवायला घेतलं ते कशासाठी, असं सगळे विचारतात. त्या खिदळण्याची भरपाई म्हणून घेतलं. आणि त्या डब्यावर फडकं टाकलं, पुढे पुठ्ठे रचले.

आज कळलं की तो फोन चालू होता. मी ऐकत होते तुम्हाला! ताई ऐकत होती! वीस पावलं, बाबा! तुम्ही नुसतं ‘रजनी’ म्हणाला असता तर मी अनवाणी पळत आले असते. पळायची सवय तुम्हीच लावली होती.

तुम्हाला बोलता येत नव्हतं, की बोलायचं नव्हतं? एवढं एकच मला हवंय आणि ते कधीही मिळणार नाही. डॉक्टर म्हणाले होते, झटका मोठा होता, क्षणात गेले. मग ती घरघर? ती तर निदान मिनिटभर चालली होती. की तुम्ही ‘शालू’ म्हणायचाच प्रयत्न करत होता? जन्मात पहिल्यांदा तोंड उघडायला गेलात आणि मी म्हटलं, ठेव फोन?

हे तुम्ही माझ्या गळ्यात बांधून गेलात. दोन वेढे, शेपूट आत खोचलेलं. सोडवायला टोकच सापडत नाही.

तुम्ही गेलात त्या दिवशी ताई आली होती. मुलीला कडेवर घेऊन फाटकाशी उभी. काका म्हणाले, ‘‘त्याले आवडलं नसतं.’’ आईनं जाऊन तिचा हात धरून आत आणलं, तुमच्या पायाशी बसवलं. तेव्हापासून ती येते-जाते. दर वेळी तुमच्या फोटोसमोरून जाताना मान खाली घालते. परवा मुलीनं विचारलं, ‘‘हे कोण?’’ तर ताई म्हणाली, ‘‘रजनी मावशीचे बाबा.’’ माझे, बाबा! तिचे नाहीत! चार वर्षं ती हेच धरून बसली आहे, की तुम्ही तिला एकदाही माफ केलं नाही. जिवंतपणी नाही आणि मरतानाही नाही.

मागच्या महिन्यात फोनवर सहज म्हणाली, ‘‘आपला क्रॉस कनेक्शनवाला भाऊ कुठं गेला वं? लाइन सुधारली वाटते.’’ मीही हसले.

आता मी काय करू ते सांगा. ताईला सांगायचं, की तुझा बाप रोज तुझा आवाज ऐकायला बसत होता, चहा सोडून, काम सोडून? तिला हे मिळायलाच हवं. ते तिचं आहे, तुमचं नाही नि माझंही नाही. पण ते सांगितलं की पाठोपाठ तो दिवस येतो. ती हुशार आहे. दुसऱ्या मिनिटाला विचारेल, ‘‘मंग त्या दिवशीचा तो श्वास?’’ एक सांगून दुसरं लपवता येणार नाही. तिला बाप द्यायचा तर तो मरतानाचाही द्यावा लागेल. आणि आपण हसलो होतो, तेही.

शेवटी तिलाच विचारलं, ‘‘सांगू का वं ताईले?’’

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, ‘‘या घरात एक जण मुका राह्यला, त्याचं काय झालं ते पाह्यलं नं तू? आता तू नको राहू.’’ आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. बाबा, आयुष्यभर तुम्ही तिला म्हणत आलात, तुले काय समजते!

तर ऐका. ऐकायची सवय आहेच तुम्हाला.

लाइनमन उद्या दोन्ही डबे घेऊन जाणार. फॉर्मवरचा राहिलेला रकाना दाखवत त्यानं विचारलं, दुकानात एक्स्टेन्शन ठेवायचं का? मी ‘हो’ लिहिलं. एसटीडी आली म्हणजे लोक हटकून कुलूप लावतात, लावून देऊ का, म्हणाला. मी म्हटलं, या घरात फोनला पुन्हा कुलूप लागणार नाही. घंटीचं विचारलं तर म्हटलं, जितकी मोठी वाजेल तितकी वाजू द्या.

तो दोरा मी कात्रीनं कापला नाही. बसून सोडवला. अर्धा तास लागला. घंटी आता मोकळी आहे.

उद्या तो यायच्या आत, तीन वाजता, मी ताईला फोन करणार आहे. जुन्याच डब्यावरून, टिचक्या मारून. कुलूप नाही, गरज नाही, तरी मारणार. दुकानात घंटी किणकिणू दे, शून्याला दहा वेळा. आई तिथे तुमच्या जागेवर बसते म्हणाली आहे. घंटी थांबली की ती रिसीव्हर उचलेल. आवाज बसेल. ताई म्हणेल, मोठ्यानं बोल. मी मोठ्यानं बोलेन. सगळं सांगेन, पहिल्या टिंगपासून त्या धप्पपर्यंत. ‘मर तिकडे’ म्हणणारी मी होते, ती नव्हे, हेही दोनदा सांगेन. ती रडली तर रडू देईन. फोन ठेवणार नाही.

आणि ती रडायची थांबली की आई त्या रिसीव्हरमध्ये बोलेल. तुम्हाला जे एक नाव घेता आलं नाही, ते तुमच्या जागेवर बसून, तुमच्या डब्यातून, ती घेईल. ‘शालू.’

शब्द देते, प्रिय बाबा.

तुमची,
रजनी